पाट्याचा टर्बोशी संबंध काय, साहेब?

वॉरंटी विभागाच्या साहेबांना,



माझी गाडी तुम्हाला ठाऊक आहे. दहा टायरची, कराडची. गेले 37 दिवस ती तुमच्या डीलरच्या आवारात भिंतीकडे तोंड करून उभी आहे. टर्बो कधी गेला, गाडी कुठून ओढून आणली, खर्चाचा अंदाज किती निघाला, सगळं तुमच्या कागदांवर आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते तुमच्या एका ओळीच्या उत्तराबद्दल: 'सस्पेन्शनमध्ये बदल व बाहेरील विद्युत जोडणी आढळल्याने वॉरंटी नामंजूर.'

एवढंच?

सस्पेन्शनमधला बदल म्हणजे एक जादा पाटा. तो मागच्या चाकांवर. टर्बो पुढे, इंजिनाला. मधे अख्खी चेसी. त्या एका जादा पाट्याने टर्बोचा पंखा कसा मोडला, हे मला कुणी समोर बसवून सांगाल का? मी दहावीपर्यंतच शिकलोय, पण 19 वर्षं स्टिअरिंगवर आहे. नीट सांगितलंत तर समजेल मला.

गाडी ताब्यात दिलीत तो दिवस आठवतो? माझ्या आईने चाकापुढे नारळ फोडला. तुमच्या लोकांनी पुठ्ठ्याची हातभर किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढला. मॅनेजर म्हणाले, "शेठ, सहा वर्षं इंजिनाची काळजी आमची. तुम्ही फक्त भाडी बघा." त्या दिवशी मी शेठ होतो. आता तुमच्या पत्रात 'संबंधित वाहनधारक' झालोय.

आणि तुम्ही मला विकलंत काय? केबिन आणि चेसी. हौदा नव्हताच. हौदा दुसरा कुणीतरी बांधणार, त्यासाठी चेसीवर काम करणार, मागच्या दिव्यांची वायर पुढून ओढणार, हे विकताना तुम्हाला माहीत नव्हतं? बॉडीवाल्याचा नंबर तर तुमच्याच सेल्समनने चिठ्ठीवर लिहून दिला होता. त्याच हौद्यावर आरटीओत पासिंग झालं. तेव्हा बाहेरचं काम चाललं. क्लेमचा कागद पुढे आला तेव्हाच ते का खुपलं?

पाटा मी घातला. लपवलेला नाही. दुसऱ्या पावसाळ्याआधी घातला, कारण आमची गाडी कुंभार्ली घाटाने साखर घेऊन चिपळूणला उतरते आणि लोट्याहून माल भरून वर येते. जुलै-ऑगस्टात त्या रस्त्याची काय दशा असते, ते एकदा माझ्या शेजारी बसून बघा. तुमचे लोक म्हणतात, पाटा वाढवला म्हणजे माल जास्त भरला असणार. असणार? माझ्या आरसी बुकात एकूण वजन साडेअठ्ठावीस टन आहे. 2018 साली सरकारने दहा टायरच्या गाडीची मर्यादा 25 टनांवरून तिथवर नेली, तीच. कारखाना वजन केल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाही. प्रत्येक खेपेची काटा पावती मी प्लास्टिकच्या पिशवीत जपलीय. ती पिशवी तुमच्या टेबलावर ठेवली होती. उघडूनसुद्धा का पाहिली नाहीत?

उद्या माझ्या पाट्याचा ब्रॅकेट तुटला, एक्सलच्या घराला तडा गेला, तर मी तुमच्या दारात येणार नाही. तो बदल माझा, नुकसानही माझं. पण टर्बो?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो इंजिनाच्या ऑइलवर. ऑइल कमी पडलं, घाण झालं, नाहीतर फिल्टरमधून धूळ आत गेली, की तो मरतो. हे मला तुमच्याच फिटरने शिकवलं. मग ऑइल कुणाचं होतं? तुमचं. फिल्टर कुणाचा? तुमचा. बदलला कुठे? तुमच्या वर्कशॉपमध्ये. 11 सर्व्हिसिंग, 11 जॉबकार्ड, सगळ्यांवर तुमचा शिक्का. बाहेर निम्म्या पैशांत काम होत असताना मी दर वेळी तुमच्या रांगेत उभा राहिलो. का, तर वॉरंटी जायला नको.

त्यातल्या दोन जॉबकार्डांवर काय लिहिलंय, वाचा. 'मागील यू-बोल्ट आवळले.' ते बोल्ट त्याच जादा पाट्यावरचे आहेत, साहेब. हायवेवर तुमचा मोफत तपासणी कॅम्प होता, तेव्हा तुमच्या इंजिनिअरने पाट्यावर हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "घाटाला बरं केलंत." त्या दिवशी कुणी का सांगितलं नाही की यामुळे वॉरंटी जाईल? सांगितलं असतं तर तिथेच काढून टाकला असता.

आता बाहेरची विद्युत जोडणी. केबिनमध्ये एक पंखा आणि बाजूला चार दिवे. 24 व्होल्टच्या बॅटरीवरून वेगळा रिले, वेगळा फ्यूज. इंजिनाच्या वायरिंगला हात लावलेला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या अशा ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला. माझी गाडी त्याआधीची. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून माणूस भाजून निघतो, म्हणून पंखा लावला. तो गुन्हा झाला?

ढाब्याढाब्यावर लॅपटॉपवाले भेटतात. धूर साफ करणारा युरिया बंद करून देतो म्हणतात, ताकद वाढवून देतो म्हणतात. माझ्या ओळखीच्या कितीजणांनी करून घेतलं. मी केलं नाही. तुमच्या शब्दावर केलं नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला का, हे तुम्हाला मशीन जोडून तासाभरात कळतं. गाडी कुठे आहे, किती आरपीएमवर चालली, हे तुमच्या ऑफिसात बसून दिसतं. ती नोंद मी तीनदा लेखी मागितली. माझ्याच गाडीची नोंद माझ्यापासून का लपवता?

प्रतिस्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना सुनावलं होतं, की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. त्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. निकाल कारवाल्यांचा होता, अपिलात गेला, हे मला माहीत आहे. पण त्यातलं म्हणणं साधं आहे. अमेरिकेतही 1975 पासून तसा कायदा आहे. जो बिघाड झाला, त्याचा बदलाशी संबंध दाखवा. मी याहून जास्त काही मागत नाहीये.

तुमच्या वकिलांचं म्हणणं, ट्रक धंद्यासाठी घेतलाय, म्हणून मी ग्राहकच नाही. हे वाचून सगळ्यात जास्त लागलं. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच, असं ग्राहक कायद्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात ट्रक घेऊन स्वतः चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलंय. माझ्याकडे एक गाडी आहे. ती मीच चालवतो. किल्ली देताना तुम्ही हे विचारलं होतं आणि मी सांगितलंही होतं. आज मी तुमचा कोण?

68 हजारांचा हप्ता या महिन्यातही कापला गेला. क्लीनर दुसऱ्या गाडीवर गेला, त्याला मी अडवू शकलो नाही. आई रोज विचारते, "कंपनीचा फोन आला का रे?" तिला अजून वाटतं, तुम्ही फोन कराल.

मी साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. कागद तयार आहेत. तिथे जाण्याआधी एकच मागणं आहे. मोडलेला टर्बो तुमच्या स्टोअरमध्ये पोत्यात बांधून ठेवलाय, त्याला माझ्या चेसी नंबरची चिठ्ठी आहे. तो भंगारात टाकू नका. चिठ्ठी काढू नका. तिसऱ्या, जाणत्या माणसासमोर, तुम्ही आणि मी दोघंही हजर असताना तो उघडू द्या. त्यात माझी चूक निघाली, तर पूर्ण बिल भरून गाडी घेऊन जाईन.

आपला,
कराडचा एक गाडीवाला