पेढीवरची लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या पेढ्यांवर वह्या मांडल्या जातात, तेव्हा समोरच्या तसबिरीत बहुधा एकच लक्ष्मी दिसते: कमळावर उभी, चार हातांची, साडी नेसलेली. हे रूप घराघरांत रुजवलं राजा रविवर्मांनी. रंगवण्याची रीत मात्र युरोपातली. १८६३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात काबानेल या फ्रेंच चित्रकाराचं ‘व्हीनसचा जन्म’ गाजलं आणि ते थेट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं. १८७९ मध्ये बुगेरोने तोच विषय पुन्हा रंगवला. देवता पुराणातली, पण कांती, केस, सावली जिवंत बाईची.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पॅरिसमध्ये व्हीनसला कोणी हळदकुंकू वाहत नव्हतं.

कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी रविवर्मांच्या देवदेवतांना नाटकी म्हटलं. चित्रं समोर ठेवून पाहिली तर ते पटतं. काही देवी रंगमंचावर उभ्या असल्यासारख्या वाटतात. पण १८९४ साली घाटकोपरला रविवर्मांचा छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला आणि देवी छापील कागदावर उतरली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही आपल्या भिंतीवर ती लावता येऊ लागली. कलासमीक्षेच्या कुठल्याही तराजूत हे पारडं मला जड वाटतं.

तरी जे मागे पडलं त्याची हळहळ राहतेच. १९८१ पर्यंत जालना आणि पैठण एकाच जिल्ह्यात होते. त्या पैठणच्या चित्रकथींची चित्रं पाहा: चेहरा बाजूने, डोळा मात्र भला मोठा, ठसठशीत रेषा, सपाट रंग. चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत गाऊन सांगत. इथे सावली नाही, कांती नाही. चित्रात जे नाही ते गळा पुरवतो. आता ही चित्रं पाहायला पुण्याच्या केळकर संग्रहालयात जावं लागतं.

दोष रविवर्मांचा नाही. एकच नमुना पुरे म्हणून थांबलो ते आपण. मुलाला ‘देवी काढ’ म्हटलं की तो कॅलेंडरच उतरवतो, आणि अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणारं मूलही त्याला अपवाद नसतं. रविवर्मांची तसबीर देवघरात राहावी. चित्रकलेच्या तासाला मात्र तिच्याशेजारी पैठणचं एखादं चित्र टांगावं आणि मुलांना दोन्हींतले डोळे काढायला सांगावेत.