कात्रीचे अर्थकारण

चित्रपटांविषयी आपल्या पत्रांतून जे लिहिले जाते ते बहुधा कथानकाविषयी असते. कथेत शोषित कोण, शोषक कोण, शेवट आशावादी आहे की पराभूत वृत्तीचा, एवढे तपासले की आपली समीक्षा संपते. परंतु पडद्यावर ती कथा ज्या क्रियेने उभी राहते त्या संकलनाकडे, म्हणजे चित्रित झालेल्यातले काय ठेवावयाचे, काय टाकावयाचे, कशानंतर काय जोडावयाचे आणि किती वेळ दाखवावयाचे या निर्णयांकडे, आपण तांत्रिक बाब म्हणून पाठ फिरवतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे खटकल्याशिवाय राहत नाही. पडद्यावरचा वेळ ही दुर्मिळ वस्तू आहे. ती कोणाच्या वाट्याला किती आली हा वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटपाचा प्रश्न निव्वळ तांत्रिक कधीच नसतो.

क्रांतीनंतरच्या रशियात हे ओळखले गेले होते. लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग प्रसिद्धच आहे : मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपाच्या थाळीशी जोडला, एकदा शवपेटीशी. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक. चेहरा तोच होता. आयझेन्स्टाइनने ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांवरील कत्तल लहान लहान तुकड्यांनी रचून प्रत्यक्षात लागेल त्याहून कितीतरी लांबविली. अर्थ तुकड्यांइतकाच जोडात असतो, आणि काळ ताणताही येतो व आखडताही येतो, हे त्यातून सिद्ध झाले. हे तंत्र कामगारांच्या राज्यात वाढले म्हणून ते आपले, असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. साबण विकणाऱ्यांनी ते आपल्यापेक्षा अधिक निष्ठेने आत्मसात केले आहे.

आपल्या भाषेतले उदाहरण घ्यावयाचे तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्यावा. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. संकलन रिखव देसाई यांचे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा की, त्याचे गीत ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. चळवळीतला हा कार्यकर्ता २०२१ मध्ये आपल्यातून गेला.

न्यायालयाचे दृश्य म्हटले की हिंदी चित्रपटाने आपल्या डोळ्यांना एक सवय लावली आहे. वकील गरजतो, लगेच आरोपीचा चेहरा, लगेच न्यायाधीशाचा हातोडा, लगेच प्रेक्षकांतली कुजबुज. दर दोन-तीन सेकंदांनी कात्री चालते, आणि न्याय ही जणू वेगाने घडणारी गोष्ट आहे असा समज होतो. ‘कोर्ट’मध्ये याच्या उलट आहे. कॅमेरा बव्हंशी एका जागी उभा, चौकट रुंद, आणि कात्री जवळजवळ हाताची घडी घालून बसलेली. सरकारी वकीलबाई जुन्या कायद्यातील मजकूर एकसुरात वाचत जातात आणि तो वाचून होईपर्यंत आपली सुटका नाही. दुसऱ्या कोणी यातली दोन वाक्ये ठेवून बाकीचे कापले असते. पण ते कापले असते तर कंटाळा हाच दडपणुकीचा एक प्रकार आहे, ही गोष्ट प्रेक्षकाच्या अंगाला लागली नसती.

याच वेळेतून मृत कामगाराच्या विधवेला तिचा वाटा मिळतो. ही भूमिका करणाऱ्या उषा बाने या व्यावसायिक अभिनेत्री नव्हेत. नवऱ्याला काही साधने देत होते का, तो दारू का पीत असे, गटारात वायू आहे की नाही हे तो कसे ओळखी, अशा प्रश्नांना ती तुटक, कोरडी उत्तरे देते. तो आधी खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर उतरण्यास हरकत नाही. हे सांगताना तिच्या डोळ्यांचे समीपदृश्य नाही, करुण संगीत नाही, ऐकणाऱ्यांचे पाणावलेले चेहरे नाहीत. कोणाच्याही अश्रूंची मध्यस्थी न होता तिचे वाक्य पूर्ण होते. आमच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘व्यवसायजन्य जोखीम’ या नावाचा परिच्छेद असतो. त्यात झुरळे नसतात.

पुढे उन्हाळी सुट्टीसाठी न्यायालय बंद होते. दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही क्षण काळाच राहतो. येथे शेवट झाला असता तर प्रेक्षक व्यवस्थेला दोष देऊन समाधानाने घरी गेला असता. पण त्या अंधाराला न्यायमूर्तींची सहल जोडली आहे : कुटुंबकबिला, पोहण्याचा तलाव, बाकावरची डुलकी. आरोपी कोठडीत आहे हे कोणी बोलत नाही. ते त्या जोडातूनच कळते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तही (२०१३) असा एक थांबा आहे. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतील राष्ट्रगीताचे सूर ऐकून जागच्या जागी उभे राहते, आणि डुक्कर मात्र चालू लागते. तो थांबा घाईने कापला असता तर केवळ विनोद उरला असता.

आता पडद्याबाहेर या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवू पाहत होता म्हणून गोळी चालवावी लागली, असे समर्थन पुढे आले. आधी टँकर, मग गोळी : हाही एक जोडच होता, आणि कार्यकारणभाव त्या जोडातूनच निर्माण केला गेला. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी (२०११) १४ वर्षे चित्रण केले, आणि संकलनही स्वतःच केले. त्यात वस्तीतली माणसे पुरे बोलतात, गाणी पुरी गायिली जातात. चित्रपट लांबला, अशी तक्रार मी पक्षातल्याच मित्रांकडून ऐकली आहे. त्यांची सभेतील भाषणे मी ऐकली असल्याने मला तिचे नवल वाटले.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती-परीक्षणाला विरोध करण्यासाठी स्त्रिया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. पोलिसांनी पुढे अश्रुधूर सोडला. अशा प्रसंगी आज शेकडो मोबाइल चालू असतात. चित्रणाचे साधन कष्टकऱ्यांच्या हाती आले आहे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु धावणारा पोलीस आणि ओरडणारी बाई हे दोन तुकडे कोणत्याही क्रमाने जोडता येतात. एका क्रमाने ती भीतीने ओरडते, दुसऱ्या क्रमाने तिने ओरडून चिथावले म्हणून तो धावतो. प्रतिपक्ष हे करतो, असे म्हणून आपण मोकळे होतो.

आणि आपण काय करतो? चळवळीच्या नावाने फिरणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती घड्याळ हाती घेऊन पाहाव्यात. पुढाऱ्याचे वाक्य पूर्ण होते. कोळीण, आंबा-काजूच्या बागेतला मजूर, गावची म्हातारी यांच्या वाट्याला घोषणा देणारे तोंड आणि उंचावलेली मूठ एवढेच येते, तेही डफाच्या ठेक्यावर कापलेले. त्यांचे म्हणणे नव्हे, त्यांची गर्दी आपण वापरतो. ज्या पक्षाचा सारा झगडा वाटपाचा, त्याने स्वतःच्या सेकंदांचे वाटप असे करावे याला काय म्हणावे?

तालुका शाखांनी एवढे तरी करावे. कापण्यापूर्वीचे मूळ चित्रण तारीख, वेळ व ठिकाण नोंदवून जपून ठेवावे, म्हणजे उद्या चौकशीत क्रमाचा प्रश्न निघाला तर दाखविण्यास काही असेल. जो माणूस बोलत आहे त्याचे वाक्य संपण्यापूर्वी कात्री लावू नये. आणि तयार फीत प्रसृत करण्याआधी, जिच्या तोंडचे शब्द त्यात आहेत त्या बाईला ती दाखवावी.