अनुक्रमणिकेच्या पोटात अनुक्रमणिका

शिरूर तालुक्यातलं पाबळ ऐकलंय ना? तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकायचं, ही तिथली रीत. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली. फॅब लॅब म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा.

या फॅब लॅबवाल्यांचा फॅब अकॅडमी नावाचा अभ्यासक्रम आहे. दर आठवड्याला काहीतरी बनवायचं आणि ते कसं बनवलं, कुठे फसलं, हे आपल्या वेबपानावर लिहायचं. नुसती वस्तू करून सुटका नाही! पान वाचून परमुलखातल्या कुणालाही ती करता आली पाहिजे. पाबळच्या विद्यार्थ्यांनीही अशी पानं लिहिली आहेत.

पान लांबलं की अनुक्रमणिका हवीच. पण ती टाईप करत बसायची नाही बरं का! समजा, तुम्ही अंडी उबवायची पेटी केलीत. साध्या मजकुरात ‘उबवण पेटी’ या मथळ्याआधी हॅशचं एक चिन्ह द्या (तेच, टेलिफोनच्या बटणावरचं). ‘जोडणी’च्या आधी दोन, तिच्या पोटातल्या ‘पंख्याच्या तारा’ला तीन. मग पॅनडॉकसारखा प्रोग्रॅम या मजकुराचं एचटीएमएल करतो आणि सांगितलंत तर मथळे वेचून अनुक्रमणिकाही मांडतो. पोटमथळे त्यात आपापल्या मथळ्याखाली आत सरकून बसतात.

इथेच पुष्कळजण फसतात. मथळा नुसता ठळक केला, तर आपल्याला तो मथळा दिसतो. संगणकाला मात्र ते साधं वाक्यच! अनुक्रमणिकेतून तो गायब. आणि एका चिन्हावरून थेट तीनवर उडी मारलीत, तर मधली पायरीच नाही.

किती खोल जायचं, हेही ठरवता येतं. आपण काही सांगितलं नाही, तर पॅनडॉक तीन पायऱ्यांपर्यंत जातो. दोनच ठेवल्या, तर तारा शोधणाऱ्याला सगळी ‘जोडणी’ चाळावी लागेल. सहा ठेवल्या, तर अनुक्रमणिकाच मारुतीचं शेपूट! मला विचाराल, तर तीन पुरेत.

शाळेचा प्रकल्प संगणकावर लिहिताय? मग लिबरऑफिस रायटरमध्येही मथळ्यांच्या अशाच पायऱ्या असतात. त्या लावा, अनुक्रमणिका करा आणि आई-बाबांना फक्त तेवढी दाखवून विचारा, ‘तारा कुठे जोडल्यात, सांगा बघू?’