पोलंडचे शेतकरी सीमेवर का बसले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलंडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावून युक्रेनच्या सीमेवरचे रस्ते अडवले. काही ठिकाणी वाघिणींतले धान्य रुळांवर ओतले. धान्य ओतणे मला पटत नाही. पण त्यामागचा हिशेब समजून घ्या.

२०२२ मध्ये रशियाच्या हल्ल्यामुळे काळ्या समुद्रातून होणारी युक्रेनची धान्य निर्यात अडली. युरोपियन युनियनने युक्रेनच्या मालावरचे आयात शुल्क उठवले. हा माल पोलंडमार्गे पुढे बंदरांकडे जायचा होता. पण दोन्ही देशांतल्या रुळांची रुंदी वेगळी, बंदरांची क्षमता अपुरी. बराच गहू आणि मका पोलंडच्याच बाजारात उतरला.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. त्या उन्हाळ्यात कृषिमंत्री हेन्रिक कोवाल्चिक यांनी सांगितले होते, की घाईने विकू नका, भाव पडणार नाहीत. अनेकांनी माल ठेवला. भाव पडले, नवे पीक तोंडावर आले तरी गोदामे भरलेलीच. एप्रिल २०२३ मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि पोलंडने युक्रेनच्या धान्यावर आयातबंदी घातली. 'माल थांबवा' हा सल्ला देण्याआधी आयात शुल्क, येणारा माल आणि गोदामातली जागा या तीन गोष्टी पाहायलाच हव्यात. आपल्या सोयाबीन उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको.

एवढी एकजूट आली कुठून? कम्युनिस्ट राजवटीतही तिथली सुमारे तीन चतुर्थांश शेतजमीन खासगी राहिली. सामूहिक शेती रुजली नाही. १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी 'ग्रामीण सॉलिडॅरिटी' ही संघटना सरकारकडून नोंदवून घेतली. १९८९ नंतर बाजार खुला झाला, व्याजदर भडकले आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांतून आंद्रझेय लेप्पर पुढे आले. रस्ते अडवणारा हा नेता २००६ मध्ये उपपंतप्रधान आणि कृषिमंत्री झाला. रस्ता अडवला की सरकार ऐकते, हे तिथे पिढ्यांनी पाहिले आहे.

या वेळीही ऐकले. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने कीडनाशकांचा वापर घटवण्याचा प्रस्ताव मागे घेतला आणि चार टक्के जमीन पडीक ठेवण्याची सक्ती काढली. पोलंड सरकारने धान्यावर अनुदान दिले. आयातबंदी तर आधीपासून होतीच, तरीही गव्हाचा भाव सावरला नव्हता, कारण तोवर जागतिक बाजारातच गहू उतरला होता.