घर दाखविणाऱ्याचा रविवार

मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी केलेल्या खटपटीला तोवर काही वर्षे लोटली होती. आठवड्यातील एक दिवस माणसाचा स्वतःचा, त्याच्या घरादाराचा आणि समाजाचा असला पाहिजे, हे तत्त्व त्या निमित्ताने या शहरात रुजले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्याच मुंबईत आणि ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या वाढत्या शहरांत असा एक तरुण वर्ग उभा राहिला आहे की, ज्याच्या वाट्याला रविवार उरलेला नाही. घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारा इस्टेट एजंट, आणि त्यातही या धंद्यात नुकतेच पाऊल टाकलेला नवखा एजंट, हा तो वर्ग होय.

शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी यांना घरे पाहण्यास सवड मिळते ती सुट्टीच्या दिवशी. त्यांची सुट्टी हीच एजंटची कामाची वेळ ठरते. यात गैर काही नाही. रेल्वे आणि रुग्णालयेही रविवारी चालूच असतात. पण तेथील कर्मचाऱ्याला रविवारच्या बदल्यात दुसरा वार मिळतो. नव्या एजंटला तसा कोणताच वार मिळत नाही. सोमवार ते शनिवार दूरध्वनी, कागदपत्रे आणि जागामालकांच्या गाठीभेटी; रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पार्टीला घेऊन जिने चढणे-उतरणे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे सणाचे मुहूर्त तर नोंदणीच्या धांदलीचे! ज्या दिवशी घराघरांत गोडधोड शिजते, त्या दिवशी हा तरुण कोणत्या तरी नव्या इमारतीच्या नमुना सदनिकेत उभा असतो.

याचे मूळ मेहनतान्याच्या पद्धतीत आहे. नवख्या एजंटला बहुधा पगार नसतो. व्यवहार झाला तर दलाली, न झाला तर काही नाही. सबब त्याचा वेळ सर्वांनाच फुकटचा वाटतो. एखादे कुटुंब सलग तीन रविवार दहा-बारा घरे पाहते आणि अखेर भलत्याच मार्गाने घर घेते. पेट्रोलचा खर्च आणि तिन्ही रविवार एजंटच्या खात्यावर पडतात. मग न उचललेला प्रत्येक फोन हा हातचा गेलेला व्यवहार आहे, अशी धास्ती त्याच्या मनात घर करते. जेवणाच्या ताटाशेजारी फोन, मुलाच्या अभ्यासाच्या वेळी फोन, रात्री अकरा वाजता पार्टीचा फोन! दिवस कोठे संपतो आणि घर कोठे सुरू होते, याची सीमारेषाच पुसली जाते.

हा त्या तरुणाचा खासगी प्रश्न आहे, असे म्हणून वाचकाला मोकळे होता येणार नाही. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या कायद्याने एजंटवर काही निश्चित जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. नोंदणी आवश्यक असूनही ती न झालेल्या प्रकल्पातील घर त्याने विकण्यास साहाय्य करावयाचे नाही, खोटी विधाने करावयाची नाहीत, नोंदणीच्या वेळी ग्राहकास हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळतील असे पाहावयाचे. या कर्तव्यांत कसूर झाल्यास दिवसाला १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात तर महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. परंतु सात-बारा, मिळकत पत्रिका, इंडेक्स-दोन वाचणे, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पडताळणे, ही बैठकीची कामे आहेत. त्यांना निवांत वेळ लागतो. दिवसभर धावणारा, महिनाअखेरच्या भाड्याची विवंचना असलेला माणूस ऐकीव माहितीवर विसंबून "कागद सगळे क्लिअर आहेत, साहेब," असे सांगून मोकळा होतो. त्या एका वाक्यावर कोणा शिक्षकाच्या वीस वर्षांच्या हप्त्यांचा भार पडलेला असतो.

काही गोष्टी एजंटच्या स्वतःच्या हाती आहेत, हे खरे. सकाळचे दोन तास कागदपत्रांसाठी राखून ठेवावेत. घर दाखविण्यापूर्वी पार्टीची ऐपत, कर्जाची तयारी आणि खरी गरज विचारून घ्यावी. एका भागातील घरे एकाच फेरीत दाखवावीत. पितृपक्षात नव्या घराचे बोलणे सहसा कोणी करीत नाही. तो पंधरवडा हात चोळत बसण्याऐवजी कुटुंबासाठी आणि अभ्यासासाठी वापरता येईल.

पण एवढ्याने भागणार नाही. "मी फोन उचलला नाही तर शेजारचा उचलील," हे एजंटचे उत्तर खोटे नाही. एकट्याने पाळलेली शिस्त धंद्याच्या चढाओढीत टिकत नाही. येथे केशकर्तनालयांचे उदाहरण बोलके आहे. रविवारी तेथे बसायला जागा नसते. म्हणून सोमवारी बंद ठेवण्याची प्रथा या व्यावसायिकांनी ठिकठिकाणी सर्वांनी मिळून पाळली. त्यामुळे कोणाचे गिऱ्हाईक तुटले नाही, उलट गिऱ्हाइकानेच आपली सवय बदलली. एकेका उपनगरातील एजंटांनी एकत्र येऊन आठवड्याचा एखादा वार आणि रात्रीची एक वेळ अशीच ठरवून घेण्यास कोणती हरकत आहे? ज्या संस्था तरुणांना निव्वळ दलालीवर राबवितात, त्यांनीही पहिले काही महिने तरी ठरावीक वेतन व साप्ताहिक सुट्टी द्यावयास हवी. शिकाऊ माणसाच्या उपासमारीवर उभा असलेला धंदा त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

आणि ग्राहकाने? वेळ ठरवून यावे, घर पसंत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, अपरात्री फोन करू नये. स्वतःच्या कचेरीची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन आला तर ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याने दुसऱ्याच्या कपाळाचाही विचार करावा.

गिरण्यांतील रविवार कोणा एका कामगाराने घरी बसून मिळविला नव्हता; तो सर्वांसाठी मागितला गेला, म्हणून सर्वांना मिळाला. दुसऱ्यांना घर मिळवून देणाऱ्यांनाही आपल्या घरी बसण्याचा एक दिवस त्याच मार्गाने मिळेल.