सहलीची फी आणि एका आईचं मौन

युद्धावरचा सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रणगाडे, धूर, धावणारे सैनिक. बोस्नियाच्या 'ग्रबावित्सा'मध्ये लढाईचं एकही दृश्य नाही. आहे ती शाळेच्या सहलीची फी! तरीही युद्ध म्हणजे काय, हे मला या सिनेमाइतकं कुणी सांगितलेलं नाही.

ग्रबावित्सा ही सारायेव्होची एक वस्ती. १९९२ ते १९९६ शहराला वेढा पडला होता, तेव्हा ती बोस्नियन सर्ब सैन्याच्या ताब्यात होती. युद्ध संपल्यावर तिथे राहणारी एस्मा नाइटक्लबमध्ये वेट्रेसचं काम करून बारा वर्षांच्या साराला वाढवते आहे. शहिदांच्या मुलांना सहलीत सवलत आहे, फक्त वडिलांचा दाखला आणायचा. एस्मा तो आणत नाही. लोकांकडे हात पसरते, पण दाखल्याचं नाव काढत नाही. कारण साराचे वडील शहीद नाहीतच. कैदेच्या छावणीत एस्मावर बलात्कार झाले, त्यातून सारा जन्मली.

दिग्दर्शिका यास्मिला झ्बानिच हिने तो अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी कॅमेरा बाईच्या अंगावर रेंगाळतो, म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे दिसतं ते नंतरचं जगणं. गर्दीच्या बसमध्ये पुरुषाची उघडी छाती जवळ आली तरी एस्मा उतरून जाते. मूल नको होतं, पोटावर बुक्क्या मारल्या, आणि बाळ रडल्याबरोबर पान्हा फुटला, हे ती शेवटी इतर बायकांसमोर बोलते. तिरस्कार आणि माया एकाच आईच्या पोटात राहू शकतात, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

मुद्दा दाखल्याचा आहे. रणांगणावर मेलेल्या पुरुषाला समाज मान देतो, पण त्याच युद्धात शरीरावर वार झेलून जगलेल्या बाईला कुठला कागद देतो? २००१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने फोचा गावच्या खटल्यात बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवून तिघांना शिक्षा दिली. गुन्हेगाराचं ठरलं. बाईचं काय?

२००६ मध्ये 'ग्रबावित्सा'ला बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च 'गोल्डन बेअर' मिळाला. सिनेमाच्या निमित्ताने सह्यांची मोहीम झाली आणि त्याच वर्षी बोस्नियाच्या फेडरेशन भागात कायदा बदलला. तोवर भत्त्यासाठी शारीरिक अपंगत्व सिद्ध करावं लागायचं. आता लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना 'युद्धाच्या नागरी बळी' म्हणून स्वतंत्र दर्जा मिळाला. सिनेमाने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

पण मुलांचं काय? त्यांना कायद्यात जागा देण्यासाठी त्याच फेडरेशनला २०२३ उजाडावं लागलं. पडद्यावरची सारा तोवर तिशीची झाली असती. तहावर सह्या होतात त्या दिवशी पुरुषांचं युद्ध संपतं. बाईचं मात्र घरात, शाळेत, मुलीच्या एका साध्या प्रश्नात चालूच राहतं. मैत्रिणींनो, हा सिनेमा मिळाला तर जरूर पाहा, आणि वयात येणाऱ्या मुलीला शेजारी बसवून पाहा. ती प्रश्न विचारेल. विचारू द्या.