पत्त्यांतले दैव आणि डोंगराखालचा माणूस

महाड-पोलादपूरच्या परिसरात भविष्य सांगणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पहाटेचा पिंगळा, दारोदार फिरणारा कुडमुड्या जोशी, बाजारात पिंजऱ्यातल्या पोपटाकरवी चिठ्ठी काढविणारा ज्योतिषी, आणि या सर्वांहून मोठा ग्रामदेवतेचा कौल. आता त्यांच्या जोडीला टॅरोचे पत्ते आले आहेत, तेही मोबाइलच्या पडद्यावरून. पोपटाला निदान दाणे तरी घालावे लागत.

हा ७८ पत्त्यांचा संच मुळात पंधराव्या शतकातील इटलीतला एक करमणुकीचा खेळ. त्यात प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे, असा शोध १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने लावला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही मनुष्य जगात नव्हता!

तरीही पत्ते आपला स्वभाव अचूक सांगतात, असे पुष्कळांना वाटते. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांच्या हाती एकच मजकूर होता. ‘तुम्ही दुसऱ्यांसाठी झिजलात, पण त्याची जाण कोणी ठेवली नाही,’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? आपल्याकडे २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सुमारे ४६ टक्के भरले. नाणे उडवून यापेक्षा वाईट निकाल लागला नसता.

परंतु हसण्यावारी न्यावे असे हे प्रकरण नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ३० कर्मचारी गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड येऊन ८० हून अधिक माणसे गाडली गेली. टॅरोमधील सोळावा पत्ता म्हणजे वीज पडून ढासळणारा मनोरा आणि त्यातून खाली पडणारी माणसे. तळियेत घर गमावलेल्या माणसापुढे तो पत्ता निघाला, तर त्याचा अर्थ काय सांगणार? पूल का पडला, डोंगर का सुटला, यांची उत्तरे दगड, पाणी आणि देखभाल यांत शोधावयाची असतात. पत्ते ती त्या माणसाच्या स्वभावात आणि ग्रहदशेत नेऊन ठेवतात. आधीच ‘आपण वाचलो कसे’ या प्रश्नाने पोखरलेल्या मनावर आणखी एक आरोप ठेवला जातो, आणि वर त्याची दक्षिणाही घेतली जाते. जन्माने ठरविलेले दैव १९२७ साली ज्या महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंनी झुगारले, तेथे हे विशेष बोचते.

तथापि एक गोष्ट मान्य करावयास हवी. पत्ते मांडणारा समोरच्याला तासभर बसवून घेतो आणि ‘काय सलते आहे?’ असे विचारतो. नुकसानभरपाईच्या खिडकीवर सातबारा, पंचनामा, बँकेचे पुस्तक विचारले जाते. झोप लागते का, हे कोणी विचारीत नाही. दुःखी माणूस भविष्यासाठी जातो हे अर्धेच खरे. पुष्कळदा तो ऐकून घेणारा कोणी भेटावा म्हणून जातो. ही पोकळी भरून न काढता केवळ अंधश्रद्धेवर ताशेरे ओढणे हा शहरी उद्धटपणा होय.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकावरील मोफत सेवा सुरू आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते. किती शाळांच्या फलकांवर हा क्रमांक लिहिलेला आहे? शिवाय जुलै २०२१ मध्ये महाडचा संपर्कच तुटला होता. अशा वेळी दूरध्वनी निरुपयोगी ठरतो. तेव्हा डोंगरउतारावरील वाड्यांतील शिक्षक, ग्रामसेवक आणि आशा कार्यकर्त्या यांना खचलेल्या माणसाशी कसे बोलावे याचे चार दिवसांचे शिक्षण पावसाळ्यापूर्वीच द्यावे, आणि दुर्घटनेनंतर महाड व पोलादपूर येथील सरकारी रुग्णालयांतून समुपदेशकाने पंचनाम्याबरोबरच घरोघर जावे. एकदा नव्हे, वर्षभर.